नॉर्फोकच्या बार्लीतून वाफेचं इंजिन

इंग्लंडला जाऊन राजवाडा पाहिला नाही, मोठं घड्याळ पाहिलं नाही, थेम्सवरचा पूलही पाहिला नाही, आणि तरी परतताना विमानात कुणाची एक तक्रार नाही, असा एकच ग्रुप मी माझ्या उभ्या नोकरीत नेला. त्यांनी पाहिलं काय, तर इंजिनं. मोठी, मधली, छोटी, आणि एक तर इतकं छोटं की त्याच्यामागे सायकलच्या कॅरियरवर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागतं. या ग्रुपची आठवण आली की आजही मला घरात बसवत नाही. उठून येरझारा घालाव्याशा वाटतात.

मी तंजावूरच्या एका प्रवासी कंपनीत टूर मॅनेजर होते. नोकरीची सुरुवात उलट्या दिशेने झाली. फ्रान्स-जर्मनीहून आलेल्या पाहुण्यांना मी आमचं मोठं देऊळ दाखवायची, राजवाडा दाखवायची, ओरत्तनाडुचं छत्रम्, म्हणजे राजांची जुनी धर्मशाळा, दाखवायची. पुढे आमच्याच गावच्या लोकांच्या हातात पेन्शनचे पैसे आणि अंगात हौस आली, आणि मी त्यांना तिकडे नेऊ लागले. टूर मॅनेजरचं काम म्हणजे देश दाखवणं, असा लोकांचा समज असतो. देश आपोआप दिसतो. आमचं काम म्हणजे कुणाचे गुडघे किती पायऱ्या चढतील, कुणाला दहीभाताशिवाय झोप येत नाही, कुणाची गोळी जेवणाआधीची आणि कुणाची नंतरची, हे डोक्यात ठेवणं. शिवाय दर थांब्यावर डोकी मोजणं. आम्ही तंजावूरचे मराठी, आमच्या घरच्या बोलीत ‘सगळे’ म्हणत नाहीत, ‘अस्के’ म्हणतात. बसमध्ये चढले की मी ओरडायची, “अस्के आले का?” तमिळ गिऱ्हाइकंसुद्धा तो शब्द शिकली होती. माझी मुलं मराठी समजतात, पण देवनागरी वाचत नाहीत. हा लेख छापून आला की मलाच त्यांना वाचून दाखवावा लागणार आहे. त्याची रुखरुख वाटते, पण ती गोष्ट वेगळी.

एके दिवशी सकाळी ऑफिसात सुंदरराव आले. आमच्यातलेच, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मीटर गेज होतं त्या काळात जवळच्या मायावरम गावाच्या लाइनवर त्यांनी वाफेचं इंजिन चालवलं होतं. मीटर गेज म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटरचं अंतर असलेला, आताच्या मोठ्या लाइनीपेक्षा अरुंद मार्ग. आमच्या भागात सगळीकडे तोच होता. पुढे वाफ गेली, डिझेल आलं, मग ते रूळही उखडले आणि मोठी लाइन आली. सुंदररावांनी उरलेली नोकरी डिझेलवर केली, पण डिझेलबद्दल ते कधी बोलत नसत. आपण जणू तेवढी वर्षं रजेवर होतो, अशा थाटात विषय टाळत.

सोबत त्यांची बायको अंबुबाई होत्या. त्या पंख्याखालची खुर्ची बघून बसल्या.

“वत्सला,” सुंदरराव म्हणाले, “इंग्लंडात अजून वाफेची इंजिनं चालतात म्हणे. आमच्या चोक्कलिंगमच्या मुलाने फोनवर दाखवलं. खरं का?”

“चालतात. हौशी लोक चालवतात,” मी म्हटलं. त्यापलीकडे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

“मग मला तिथे ने. दुसरं काही दाखवू नको.”

“आणि बाईंना?” मी अंबुबाईंकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, “मला काय विचारतेस? जन्मभर यांच्या कपड्यांतला कोळसा धुतला. आता विमानात बसून तोच कोळसा बघायला जायचंय. चला.”

हे चोक्कलिंगम म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर, तमिळ, म्हणून आमच्या तोंडी ‘सर’ नाही, ‘सार’. सुंदरराव ज्या लाइनवर गाडी चालवायचे, तिथल्याच एका लहान स्टेशनवर यांनी बरीच वर्षं काढली होती. सिग्नल देणारा एक आणि सिग्नलची वाट बघत शिट्टी मारणारा दुसरा. दोघांचं भांडण जुनं आणि दोस्तीही जुनी. चोक्कलिंगम सारांनी रेल्वेतली आणखी काही जोडपी गोळा केली, आणि बघता बघता माझा ग्रुप तयार झाला.

मग मी अभ्यासाला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्या टूरसाठी मी इतक्या उत्साहाने कामाला लागले नव्हते. इंग्लंडात बंद पडलेल्या कितीतरी छोट्या लाइनी गावकऱ्यांनी मंडळं काढून पुन्हा सुरू केल्या आहेत. काहींवर पूर्वीसारखीच मोठी गाडी धावते. काहींचे रूळ इतके अरुंद, की इंजिन माणसाच्या कंबरेएवढं आणि डबे पाळण्यासारखे. आणि काही अगदी बागेतल्या, हाताच्या वितीएवढ्या रुळांच्या. मी पूर्वेकडचा नॉर्फोक भाग निवडला, कारण तिथे थोड्याशा टापूत तिन्ही प्रकार होते. शिवाय तो प्रदेश सपाट. माझ्या ग्रुपच्या गुडघ्यांना सपाट प्रदेश लागतो.

तिथे पोहोचलो आणि बसच्या खिडकीतून बाहेर बघत चोक्कलिंगम सार तमिळमध्ये म्हणाले, “अम्मा, इतका खर्च करून तू आम्हाला परत तंजावूरलाच आणलंस की!” खरंच तसं होतं. नजर पोहोचेल तिथवर सपाट शेतं, मधून पाण्याचे पाट, पाटांच्या कडेने झाडं. फक्त भाताच्या जागी बार्ली आणि नारळाच्या जागी पवनचक्क्या. आमचा ग्रुप एकदम घरच्यासारखा सैलावला. उतरलो होतो त्या घरात स्वयंपाकघर होतं. पहिल्याच सकाळी अंबुबाईंनी मोहरीची फोडणी दिली आणि आगीचा भोंगा असा वाजला, की घरमालकीण झोपेच्या झग्यात धावत आली. तिने अख्खं घर रिकामं करायला लावलं. खरा प्रकार कळल्यावर हसत हसत तिने खिडकी उघडून दाखवली. पुढचे सगळे दिवस फोडणी खिडकीपाशीच पडली.

पहिल्या दिवशी आम्ही कंबरेएवढ्या इंजिनाच्या लाइनवर गेलो. स्टेशनवर कुंड्यांमध्ये फुलं, लाकडी बाक, आणि त्या टोकाला ते हिरवंगार इंजिन. फुसफुसत होतं! खेळण्यासारखं दिसत असलं तरी त्यात खरी आग होती, खरं पाणी होतं, खरी वाफ होती. माझे सगळे वयोवृद्ध प्रवासी प्लॅटफॉर्मवर चक्क पळत सुटले. “सावकाश! सावकाश!” मी ओरडतेय, पण ऐकतंय कोण? सुंदरराव सगळ्यांत पुढे. इंजिनाजवळ जाऊन ते थांबले, डोळे मिटले आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं.

“वास,” ते म्हणाले. “तापलेल्या तेलाचा वास. थांब, बोलू नको.”

मग बाकीचेही वास घेऊ लागले. प्लॅटफॉर्मवर ओळीने उभी राहिलेली ही माणसं नाकं वर करून श्वास घेत होती, आणि तिथल्या इंग्रज बायका कौतुकाने आमचे फोटो काढत होत्या. गाडीत बसलो. पाळण्यासारख्या डब्यात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो, आणि बार्लीच्या शेतांतून ती गाडी अशी सुसाट निघाली, की माझा पदर तोंडावर आला. टूर मॅनेजरने शांत राहायचं असतं. मी मात्र पोरीसारखी किंचाळत होते.

तिथले सगळे कामगार बिनपगारी. कुणी निवृत्त दंतवैद्य, कुणी शाळामास्तर, कुणी दुकानदार. सुट्टीच्या दिवशी येऊन इंजिनाचं पितळ घासायचं, तिकिटं फाडायची. चोक्कलिंगम सारांना हे पटेना. “पगार नाही, मग रजा कुणाकडे मागतात?” त्यांनी मला विचारलं. मी तो प्रश्न तिकीट फाडणाऱ्या गृहस्थांना इंग्रजीत सांगितला. ते गंभीरपणे म्हणाले, “बायकोकडे. आणि तिला विचारा, ती म्हणेल मी कायमचाच रजेवर असतो.”

तिसऱ्या दिवशी खरा बेत होता. मोठ्या गाडीच्या एका लाइनवर पाहुण्यांना स्वतः इंजिन चालवू देतात. शेजारी त्यांचा ड्रायव्हर उभा असतो, मागे दोन डबे जोडलेले असतात, आणि घरचे लोक त्या डब्यांत बसतात. ती एक फेरी मी सुंदररावांच्या नावावर कधीच राखून ठेवली होती. त्यांनी त्यासाठी तंजावूरहून आपली नोकरीतली निळी डांगरी, तो अंगभर कामाचा पोशाख, आणली होती. ती त्यांना पोटावर थोडी घट्ट होत होती, पण सकाळी ते ती घालून जिन्यावरून खाली आले, तेव्हा ग्रुपने टाळ्या वाजवल्या.

स्टेशनात काळं कुळकुळीत इंजिन उभं होतं. तिथले मुख्य ड्रायव्हर मार्टिन नावाचे गृहस्थ होते, पांढऱ्या मिशा आणि हातभर काजळी. त्यांनी सुंदररावांचा हात हातात घेतला आणि तो पटकन सोडलाच नाही. “खरा वाफेचा ड्रायव्हर! आम्ही सगळे हौशी. तुम्ही आमच्याकडे आलात, हा आमचा मान,” ते म्हणाले. सुंदररावांची मान ताठ झाली. मग मार्टिननी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. फिट येते का? चक्कर येते का? मी मराठीत विचारत होते, सुंदरराव नाही म्हणत होते. मार्टिननी छातीवर हात ठेवून विचारलं, “हृदयाचं काही?”

“काही नाही,” सुंदरराव म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून अंबुबाईंचा आवाज आला. “वत्सला, तसं सांगू नको.”

मार्टिनचा छातीवरचा हात त्यांनी पाहिला होता. इंग्रजी कळण्याची गरज नव्हती.

“पोंगलनंतर यांच्या छातीत स्प्रिंग बसवलीय. मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. विमानात बसले, मी गप्प राहिले. पण या आगीसमोर मी यांना उभं राहू देणार नाही.”

“अंबु!” सुंदरराव असे गरजले, की प्लॅटफॉर्मवरची कबुतरं उडाली.

“ओरडा,” त्या म्हणाल्या. “ओरडा हवं तेवढं.”

मी मार्टिनना खरं ते सांगितलं, स्प्रिंग म्हणजे स्टेंट, हेही. दुसरं काय करणार? त्यांचा चेहरा पडला. नियम होता, नुकतंच हृदयाचं काम झालेल्या माणसाला इंजिनावर चढवायचं नाही. त्यांनी दोन-तीनदा माफी मागितली. सुंदररावांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि ते प्लॅटफॉर्मच्या पार टोकाच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून जाऊन बसले. सात समुद्र ओलांडून आलेला माणूस, अंगात डांगरी, आणि इंजिन दहा पावलांवर वाफ सोडतंय. माझ्या नोकरीत सामान हरवलं, पासपोर्ट हरवले, एकदा तर एक नवरदेव हरवला होता. पण त्या बाकावरच्या पाठीइतकं मला कधी काही अवघड गेलं नाही. चोक्कलिंगम सार त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मार्टिननी मला बाजूला घेतलं. “फेरी तुमचीच आहे. गाडी तयार आहे. ग्रुपमधलं दुसरं कुणी येईल का?”

मी सगळ्यांना विचारलं. सुंदररावांच्या जागेवर जायला कुणी तयार होईना. तेवढ्यात अंबुबाई म्हणाल्या, “मी जाते.”

“बाई, तुम्ही?”

“का? दर महिन्याच्या कृत्तिका नक्षत्राला स्वामीमलैच्या देवळाच्या पायऱ्या चढते मी. माझ्या छातीत स्प्रिंग नाही.” मग त्या म्हणाल्या, “यांचं मी हिरावून घेतलं ना? मग वाया तरी कशाला घालवायचं? बघते एकदा, काय आहे त्यात एवढं.”

आता साडीत इंजिनावर कसं जायचं? पदर आगीत जाईल. मी पिशवीतून माझी सुती विजार काढली. वेटिंग रूममध्ये त्यांनी ती चढवली, आणि वर मंडळाची एक डांगरी. बाहेर आल्या तेव्हा बाह्या हाताबाहेर लोंबत होत्या, कपाळावर कुंकू, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या मोरण्या, आणि केसांतल्या गजऱ्यावर कुणीतरी टोपी ठेवलेली. ग्रुप हसावं की टाळ्या वाजवाव्यात, या पेचात पडला.

बाकावरची पाठ वळली. सुंदररावांनी आपल्या बायकोला आपादमस्तक पाहिलं. त्यांचा चेहरा रागाने लाल होता. मला वाटलं, आता काय बोलतात कोण जाणे. ते उठले, आमच्यापर्यंत आले, आणि वाकून त्यांनी तिच्या लोंबणाऱ्या बाह्या दुमडायला सुरुवात केली.

“गुडघे ताठ ठेवून उभी राहू नको,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “इंजिन हलतं. गुडघे सैल ठेव. आणि रेग्युलेटर एकदम ओढू नको. त्याला हळूहळू सांगायचं असतं.”

“कुणाला सांगायचं?”

“इंजिनाला!”

दुभाषी म्हणून मलाही वर चढायला मिळालं. त्यासाठी मी कंपनीला आजही धन्यवाद देते. वर एक तरुण मुलगी फावड्याने कोळसा घालत होती. अंबुबाईंनी मला हळूच विचारलं, “ही फायरमन?” हो म्हटल्यावर त्यांनी त्या मुलीचा दंड दाबून पाहिला आणि पसंतीची मान हलवली. मुलीचं नाव एमा. तिने आगीचं दार उघडलं आणि तोंडावर अशी झळ आली, की मी मागे सरकले. मागून थंड वारा, पुढून भट्टी.

“अय्यो, असं असतं होय?” अंबुबाई म्हणाल्या. “हिवाळाभर यांना सर्दी. मी काढे देऊन देऊन थकले. पुढून भाजतंय आणि मागून गारठतंय, सर्दी नाही तर काय होणार!”

मार्टिननी त्यांचा हात रेग्युलेटरच्या दांड्यावर ठेवला. हा दांडा ओढला की वाफ चाकांकडे जाते आणि इंजिन चालू लागतं. गार्डची शिट्टी झाली. मागे जोडलेल्या पहिल्या डब्याच्या खिडकीतून सुंदररावांचं डोकं बाहेर आलेलं मला दिसलं. अंबुबाईंनी दांडा ओढला. हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, आणि तो एकदम पुढे आला. इंजिनाने मोठ्याने डरकाळी फोडली, चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली, सगळं अंग थरथरलं.

“बंद कर! बंद कर आणि परत उघड!” मागून सुंदरराव ओरडले.

मार्टिनही त्याच क्षणी तेच म्हणत होते, हाताने दांडा मागे ढकलत. पहाटेच्या दवाने रूळ ओले होते, म्हणून चाकं घसरली होती. अंबुबाईंनी पुन्हा धरला. या वेळी हळू, अगदी हळू, साय न मोडता दुधाचं पातेलं सरकवावं तसा. आणि ते अवाढव्य धूड हललं! एक फुत्कार, मग दुसरा, मग तिसरा. प्लॅटफॉर्म मागे सरकू लागला.

“चाललं! वत्सला, चाललं!” त्या माझ्या कानात किंचाळल्या.

बार्लीची शेतं दोन्ही बाजूंनी धावत होती. पुढे फाटक आलं. मार्टिननी शिट्टीची साखळी दाखवली. अंबुबाईंनी ती ओढली आणि सोडलीच नाही. ती किंकाळी त्या सपाट मुलखात दूरवर गेली. शेतातली एक बाई हात हलवत उभी राहिली. फाटक मागे पडलं तरी शिट्टी चालूच. मार्टिन हसत होते, एमा कान झाकून हसत होती. शेवटी साखळी सोडून अंबुबाई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर काजळी, डोळ्यांत पाणी, ते धुराचं की कशाचं कोण जाणे.

“एवढा आवाज! रोज एवढा आवाज!” त्या म्हणाल्या. “आणि घरी आल्यावर मी काही बोलले की हे ‘काय? काय?’ म्हणायचे. मला वाटायचं, मुद्दाम ऐकत नाहीत. अगं, ऐकू कुठून येणार यांना!”

पुढच्या स्टेशनवर थांबायचं होतं. ब्रेक लावताना मार्टिननी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला होता, तरी गाडी प्लॅटफॉर्मच्या पुढे थोडी गेलीच. आम्ही उतरलो. सुंदरराव डब्यातून उतरून घाईघाईने आले.

“ब्रेक उशिरा लावलास,” ते म्हणाले.

“स्टेशन लवकर आलं,” अंबुबाई म्हणाल्या.

सुंदरराव तिच्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले, की त्यांना बाकावर बसावं लागलं. मार्टिननी थर्मासमधून सगळ्यांना चहा दिला. अंबुबाईंनी त्यांच्या हातावर पिशवीतला मुरुक्कू, म्हणजे आमची चकली, ठेवला. तो त्यांनी इंजिनाच्या गरम पत्र्यावर ठेवून शेकला आणि मग खाल्ला. ही कल्पना आमच्या कुणाला सुचली नव्हती.

तरी माझ्या मनात सल राहिला. सुंदरराव रात्री जेवताना हसले, बोलले, पण आपली डांगरी त्यांनी घडी करून बॅगेच्या तळाशी घातलेली मी पाहिली.

शेवटचा दिवस रविवार होता. एका गावच्या बागेत हौशी मंडळाची अगदी छोटी लाइन होती. रुळांतलं अंतर वितीएवढं. इंजिन गुडघ्याएवढं. ड्रायव्हर मागच्या छोट्या गाड्यावर बसतो, आणि त्यामागे लांब बाकांवर प्रवासी एकामागे एक, दोन्हीकडे पाय टाकून. कोळसे सुपारीएवढे, फावडं आमटीच्या डावाएवढं. पण इथेही वाफ खरीच! मी सरळ मंडळाच्या प्रमुख बाईंकडे गेले. डोरोथी नाव, पूर्वी नर्स होत्या. मी सुंदररावांची सगळी हकीकत सांगितली, छातीतल्या स्प्रिंगसकट, आणि विचारलं, “यांना चालवू द्याल?”

डोरोथींनी सुंदररावांकडे एकदा नर्सच्या नजरेने पाहिलं. “गाडी माणूस चालतो तेवढ्याच वेगाने जाते. आग लांब आहे. मी त्यांच्या पाठीमागेच बसेन, हातात ब्रेक घेऊन. पडले तर गवतावर पडतील. चालेल.”

सुंदरराव मात्र तयार होईनात. “हे खेळणं आहे,” ते मला मराठीत म्हणाले. “त्यापेक्षा मला बसमध्ये बसू दे.”

अंबुबाईंनी बॅगेतून निळी डांगरी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. सकाळी निघताना ती त्यांनी गुपचूप वर काढून ठेवली होती.

सुंदररावांनी डांगरी चढवली. गाड्यावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांपर्यंत आले, आणि रांगेतली पोरं खुदकन हसली. पण पुढच्या क्षणी ते वाकून बॉयलरातलं पाणी दाखवणारी काचेची नळी बघू लागले. बोटाने काच पुसली, पातळी पाहिली. आगीचं दार उघडलं, दोन डाव कोळसा टाकला, तोही एका जागी नाही, कोपऱ्यांत पसरून. डोरोथी मागून बघत होत्या, त्यांनी फक्त मान डोलावली. कुणीतरी चोक्कलिंगम सारांच्या हातात हिरवं निशाण दिलं. ते शर्टाची बटणं नीट लावून प्लॅटफॉर्मच्या टोकाला ताठ उभे राहिले. तो प्लॅटफॉर्म त्यांच्या घोट्याएवढा उंच होता.

“लाइन क्लियर?” सुंदररावांनी हाक दिली.

“थांब!” चोक्कलिंगम सार म्हणाले, उगाचच. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, सगळ्यांचे पाय वर घेतलेले आहेत का ते पाहिलं, घड्याळ पाहिलं. सुंदररावांनी कंटाळून शिट्टी मारली. बारीक, चिमणीसारखी शिट्टी. तेव्हा कुठे निशाण हललं. सगळा ग्रुप हसून लोटपोट झाला, आणि ते दोघे मात्र अजिबात हसले नाहीत.

एक फेरी डोरोथींना मागे घेऊन झाली. तळ्याला वळसा, एक बोगदा, एक लाकडी पूल. गाडी निघाली कधी आणि थांबली कधी, कळलंसुद्धा नाही, एक हिसका नाही. डोरोथी उतरल्या आणि मला म्हणाल्या, “यांना माझी गरज नाही. पण नियम आहे, म्हणून मी दुसऱ्या बाकावर बसते. पहिल्या बाकावर त्यांच्या बायकोला बसू दे.”

अंबुबाई नवऱ्याच्या थेट मागे बसल्या. त्यांच्यामागे डोरोथी, मग मी, मग बाकीचे. गाडी निघाली. तळ्यावरची बदकं उठून बाजूला झाली. पुढे सुंदरराव थोडे तिरके बसले होते, एक कान इंजिनाकडे, एक हात रेग्युलेटरवर, नजर रुळांवर. वळण आलं की वाफ कमी, वळण सरलं की थोडी जास्त. पाठ सरळ. त्या पाठीकडे पाहून वाटत होतं, मागे मायावरमची अख्खी गाडी आहे आणि त्यातली माणसं निश्चिंत झोपली आहेत.

अंबुबाई डोरोथींच्या खांद्यावरून माझ्याकडे वळल्या.

“कामावर हे असे दिसतात होय?” त्या म्हणाल्या. “डबा दिला, की दाराबाहेर पडताना दिसायचे. आणि परत आले, की दारात दिसायचे. मधलं मी कधी पाहिलंच नव्हतं.”

बोगदा आला. आत अंधार, वाफ, पोरांची किंचाळी. बाहेर पडलो तेव्हा ऊन होतं. सुंदररावांची कॉलर मागून दुमडून आत गेली होती. अंबुबाईंनी पुढे वाकून ती बाहेर काढली, बोटांनी सारखी केली आणि हात तिथेच, त्यांच्या खांद्यावर राहू दिला. सुंदररावांनी मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरने पुढे बघायचं असतं.